गोरा म्हणजे कोण?

या संग्रहातले लेख मराठीत आणताना पहिली ठेच मुखपृष्ठावरच लागली. इंग्रजीतल्या 'रेस'ला आपण 'वंश' म्हणतो. शाळेच्या पुस्तकात तसंच शिकलो, वर्तमानपत्रांत 'वंशभेद' आणि 'वंशवाद' वाचत मोठे झालो. पण घरातला 'वंश' वेगळा असतो. तो वंशाच्या दिव्यातला, वंशावळीतला, एखाद्याचा निर्वंश होवो म्हणून बोटं मोडण्यातला. तो एका घराण्यापुरता असतो. एकमेकांना कधी न भेटलेल्या कोट्यवधी माणसांचाही एक वंश असू शकतो ही कल्पना आपल्याकडे साहेबाबरोबर आली आणि जुन्याच शब्दात बिऱ्हाड करून राहिली. त्यामुळे 'वंश' म्हटलं की मराठी कानाला रक्ताचं, पिढ्यांचं काहीतरी ऐकू येतं. या पुस्तकाचं म्हणणं तर असं आहे की वंश रक्तात सापडत नाही, तो कचेरीत तयार होतो.

'गोरा' या शब्दानेही असाच घोळ घातला. आपल्याकडे रंगांना शब्दांची ददात नाही. गोरापान, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळाकुट्ट. एकाच आईच्या चार मुलांत यातले चार रंग निघतात आणि त्यावरून कोणी त्यांना चार वंशांत वाटत नाही. वाटत नाही म्हणजे त्रास देत नाही असं मात्र नव्हे. काळ्या मुलीच्या लग्नाची काळजी पाळण्यापासून सुरू होते, आणि पंढरीच्या सावळ्यापुढे डोकं टेकवणारी माणसंच वधूवरसूचक जाहिरातीत 'गोरी' हा शब्द आधी घालतात. तरीही त्या जाहिरातीतली गोरी मुलगी आणि 'गोऱ्यांचं राज्य'मधला गोरा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिल्या शब्दात कातडीचं वर्णन आहे, दुसऱ्यात सत्तेचा पत्ता आहे. एका अर्थाचा गोरा दुसऱ्या अर्थानेही गोरा ठरतो का, हा प्रश्न कोणाला पडेल असं वाटत नाही. पण तो पडला होता, आणि थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पडला होता.

अमेरिकेत १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाची दारं फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला उघडी होती. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती उघडली. मधे राहिले ते आशियातून आलेले लोक. ताकाओ ओझावा हा जपानमध्ये जन्मलेला माणूस वीस वर्षं अमेरिकेच्या भूमीवर राहिला होता, तिथेच शिकला होता, घरात इंग्रजी बोलत होता. त्याचं म्हणणं साधं होतं: कातडी बघायची तर अनेक जपानी माणसं इटालियनांपेक्षा उजळ असतात. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने उत्तर दिलं की प्रश्न रंगाचा नाहीच. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नव्हे.

हे ऐकून भगतसिंग थिंड यांना हायसं वाटलं असणार. पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात पगडी घालून भरती झालेले थिंड आधीच कोर्टकचेऱ्यांत अडकले होते. त्या काळची मानववंशशास्त्राची पुस्तकं उत्तर भारतीयांना कॉकेशियनांत मोजत. गोरा म्हणजे कॉकेशियन असेल आणि पंजाबी माणूस कॉकेशियन असेल, तर हिशोब सरळ होता. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांच्या लेखणीतून निकाल दिला की शास्त्राचं राहू द्या, 'गोरा' शब्दाचा अर्थ सामान्य माणसाला जो कळतो तोच. आणि सामान्य अमेरिकन माणूस हिंदुस्थानीला गोरा म्हणत नाही. एका खटल्यात शास्त्र पुढे केलं, दुसऱ्यात व्यवहार. दोन्हीकडे दार बंदच राहिलं.

हा निकाल वाचून थिंड यांच्याविषयी कळवळा येतो, आणि मग त्यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद वाचला की तो थोडा ओसरतो. आपला अशील उच्च जातीचा, शुद्ध आर्य आहे, असं तिथे सांगितलं गेलं. पुरावा काय, तर सोयरिकीच्या बाबतीत उच्च जातीचा हिंदू हिंदुस्थानातल्या मूळ रहिवाशांना तसंच लांब ठेवतो, जसा अमेरिकन माणूस निग्रोला. आपण तुमच्यातले आहोत, कारण आपणही तुमच्यासारखेच हात झटकतो! एका समाजाची उतरंड दुसऱ्या समाजाच्या उतरंडीत शिरायचा परवाना म्हणून सादर झाली. मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत बोलकं वाटतं.

निकालाची झळ थिंड यांच्यापुरती राहिली नाही. आधी नागरिक झालेल्या हिंदुस्थानींची नागरिकत्वं सरकार काढून घेऊ लागलं. कॅलिफोर्नियात नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परकीयांना जमीन बाळगायला बंदी होती, म्हणजे नागरिकत्वाबरोबर जमीनही जायची. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. आता जनगणनेचे कागद उघडून पाहा. १९३० साली अमेरिकेतल्या सगळ्या हिंदुस्थानींच्या 'वंशा'पुढे लिहिलं जाई 'हिंदू', मग तो शीख असो की मुसलमान. १९७० साली त्यांची मोजणी गोऱ्यांत झाली. १९८० साली नवा रकाना आला, 'एशियन इंडियन', आणि तो भारतीयांच्या संघटनांनी मागून घेतला होता, कारण अल्पसंख्याकांसाठीच्या योजना गोऱ्यांच्या रकान्यात बसून मिळत नव्हत्या. पन्नास वर्षांत एका घरातले लोक न हलता तीन वंशांतून फिरून आले. रक्त बदललं नव्हतं. काउंटरच्या पलीकडून काय वाटलं जात होतं, ते बदललं होतं.

हा संग्रह वाचताना एवढी एक गोष्ट हाताशी ठेवावी, अशी माझी विनंती आहे. कुठल्याही देशातल्या वंशाच्या यादीकडे पाहताना ती खरी की खोटी हे नंतर बघू. आधी विचारायचं, ही यादी कोणी केली आणि कशाच्या वाटपासाठी केली.

दक्षिण आफ्रिकेत वाटप जमिनीचं, मजुरीचं आणि मताचं होतं. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला जन्मापासून एक वंश चिकटवला. त्या कायद्यातली गोऱ्याची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे: जो दिसायला उघडच गोरा आहे, किंवा ज्याला सर्वसाधारणपणे गोरा मानतात, तो. म्हणजे गोरा तो, ज्याला लोक गोरा म्हणतात. शाळकरी पोराने अशी व्याख्या लिहिली असती तर मास्तरांनी कान पिळला असता. इथे तिच्यावर एक अख्खं राज्य चाळीस वर्षं चाललं. शंका आली की मंडळासमोर उभं राहायचं. केसांत पेन्सिल खोचून पाहायची, डोकं हलवल्यावर ती पडली तर एक निकाल, अडकली तर दुसरा. गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेली एक मुलगी शाळेतल्या इतरांना 'तशी' दिसेना, म्हणून १९६६ मध्ये पोलिसांबरोबर घरी पाठवली गेली आणि कागदोपत्री 'कलर्ड' झाली. पुढच्या वर्षी कायदा बदलला, दिसण्यापेक्षा आईबाप महत्त्वाचे ठरले, आणि ती पुन्हा गोरी झाली. दरम्यान आरसा तोच होता.

जपानशी व्यापार वाढला तसे तिथे येणारे जपानी 'मानद गोरे' झाले. चिनी मात्र तिथेच जन्मलेले असूनही बिगरगोरे राहिले. पोलीस शिपायाला दोघांतला फरक कसा कळत असेल, हा विनोद तिथे त्या काळी चालत असावा असा माझा आपला अंदाज. कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. पण रकाने गेले नाहीत, कारण आता झालेल्या अन्यायाची भरपाई वाटायची होती, आणि ती वाटायला तेच रकाने लागत होते. २००८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की दक्षिण आफ्रिकेचे चिनी नागरिक आर्थिक सबलीकरणाच्या कायद्यापुरते 'काळे' आहेत. तो निर्णय त्या चिनी नागरिकांनी स्वतः मागितला होता, आणि मला तो अजिबात हास्यास्पद वाटत नाही. त्यांच्यावरची बंधनं खरी होती.

ब्राझीलमध्ये चित्र उलटं दिसतं, निदान पहिल्या नजरेला. गुलामांच्या व्यापारात सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं तिथे उतरवली गेली, अमेरिकेच्या कितीतरी पट अधिक, आणि गुलामगिरी संपली ती १८८८ मध्ये. पण तिथे 'आफ्रिकी रक्ताचा एक थेंब असला की काळा' असा अमेरिकन नियम कधी रुजला नाही. १९७६ मध्ये सरकारी पाहणीत लोकांना विचारलं, तुमचा रंग तुम्हीच सांगा. १३० हून अधिक नावं आली. दालचिनीचा, गव्हाचा, कॉफीचा. ही यादी मला आपल्या वधूवर जाहिरातींची मोठी बहीण वाटते. एकाच घरात तीन रंगांची नावं, आणि पैसा माणसाला उजळ करतो ही तिथली म्हण.

पण विद्यापीठांत कृष्णवर्णीयांसाठी जागा राखायची वेळ आली, आणि मऊ यादीला टणक रेघ लागली. २००७ मध्ये ब्रासिलिया विद्यापीठात जुळ्या, हुबेहूब दिसणाऱ्या दोन भावांनी अर्ज केला. फोटो पाहून समितीने एकाला काळा ठरवलं आणि दुसऱ्याला नाही. २०१२ च्या कायद्यानंतर राखीव जागा देशभर आल्या आणि त्यांच्यामागोमाग पडताळणी समित्याही. 'पडताळणी समिती' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, महसुली नोंद आणि साक्षांकित प्रतींचा गठ्ठा उभा राहील. ब्राझीलच्या समितीला त्यातलं काहीच नको असतं. ती उमेदवाराचा चेहरा बघते. आजीचा फोटो दाखवला तरी तो उपयोगी नाही, कारण तिथल्या पोलिसाने रस्त्यात अडवताना आजीचा फोटो पाहिलेला नसतो. आपल्याकडे चेहरा निरुपयोगी आणि कागद सर्वस्व, तिथे कागद निरुपयोगी आणि चेहरा सर्वस्व. दोन्ही समित्यांना खात्री आहे की आपण असलेलीच गोष्ट तपासत आहोत. आरक्षण चुकीचं आहे, असा याचा अर्थ मी काढत नाही, आणि संग्रहातला कुठला लेखही काढत नाही. ज्याला वगळताना रकाना वापरला, त्याला आत घेतानाही तो वापरावा लागतो, ही त्यातली अडचण आहे.

मॉरिशसचा विषय या संग्रहात दोनच पानं आला आहे, पण आपल्यासाठी तो जवळचा. तिथल्या १९६८ च्या राज्यघटनेत लोकांचे चार समुदाय आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या'. रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडून उसाच्या मळ्यांत गेलेल्या मराठी माणसांची नातवंडं हिंदूंच्या रकान्यात बसतात. चौथा रकाना उरलेल्यांचा: जीवनपद्धतीवरून ज्याला पहिल्या तिघांत घालता येत नाही तो. त्यामुळे आफ्रिकेतून ओढून आणलेल्या गुलामांचे वंशज आणि त्यांच्या फ्रेंच मालकांचे वंशज घटनेनुसार एकाच समुदायाचे झाले.

रवांडावरचा लेख मी सलग वाचू शकलो नाही. हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी राहत. भेद होता, पण तो सत्तेचा आणि गुराढोरांचा, आणि थोडाफार ओलांडता येणारा. बेल्जियन राज्यकर्त्यांना उंच, सडपातळ तुत्सी हे उत्तरेकडून आलेल्या श्रेष्ठ वंशाचे वाटले. १९३० च्या दशकात त्यांनी प्रत्येकाला ओळखपत्र दिलं आणि त्यावर गट छापला. साठ वर्षांनी, १९९४ मध्ये, रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र मागितलं जात होतं आणि त्या एका ओळीवर माणूस जगणार की मरणार ते ठरत होतं. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली.

'सामाजिक रचना' हा शब्द लेखांमध्ये वारंवार येईल. तो ऐकून काही वाचक म्हणतील, म्हणजे वंश खोटाच ना, सोडून द्या. रवांडाचा लेख वाचून हे म्हणता येणार नाही. मला शेताचा बांध आठवतो. बांध जमिनीत उगवत नाही. कोणीतरी मोजणी करून तो घालतो. रात्रीत कोरला तर तो हातभर सरकतो. पावसाला, मुळांना, उंदरांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून बांध खोटा, असं ज्याच्या सख्ख्या भावाशी त्यावरून तीस वर्षं दावा चालू आहे त्याला सांगून पाहावं. जीवशास्त्राने आपलं काम बऱ्यापैकी केलं आहे: रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकेका लोकसमूहाच्या आतच असतो. मोजणी अशी निघाली, तरी बांध आहे तिथेच आहे.

आपल्याकडेही मोजणीदार येऊन गेले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांचा सिद्धान्त होता की जात जितकी वरची तितकं नाक अरुंद. त्याआधीच, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केली होती. आर्य बाहेरून आले ही साहेबाची गोष्ट त्यांनी घेतली, पण तिचं तोंड फिरवलं: आले ते श्रेष्ठ म्हणून नव्हे, घुसखोर म्हणून. लोकमान्यांनी त्याच आर्यांना उत्तर ध्रुवाजवळ नेलं. पुढे आंबेडकरांनी नाकांची हीच मापं वापरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना दोन वंश ठरवायला त्यांत काहीही आधार नाही.

या सगळ्यांत मला इरावती कर्वे सर्वांत जास्त खुणावतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. हेच फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. त्यांना सिद्ध करून हवं होतं की कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेत युरोपियनांचं श्रेष्ठत्व दिसतं. या मराठी बाईने १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशावंशांत असा फरक दिसत नाही. परदेशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या तोंडावर. मात्र त्यांची मूर्ती करून देव्हाऱ्यात बसवू नये. मापपट्ट्या घेऊन त्या महाराष्ट्रभर माणसं मोजत पुढे अनेक वर्षं हिंडल्या. त्या मोजण्यांतूनही निघालं ते असं, की एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या निरनिराळ्या कुंभार जाती एका मुळातून फुटल्या आहेत असं मानता येत नाही.

वंशाची यादी येण्याआधी इथे रंग दिसत नव्हता, असं मात्र कोणी समजू नये. इथिओपियात जन्मलेला, हातोहात विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने खडकी वसवली, आणि जहांगीर बादशहा त्याच्या काळ्या तोंडाचा उद्धार करत राहिला. शिवी होती. पण त्या शिवीवरून अंबरच्या मुलाने काय व्हायचं ते ठरत नव्हतं. तो फत्तेखान वजीर झाला. जंजिऱ्याला सिद्दी नबाब अगदी स्वातंत्र्यापर्यंत होते. आज उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी 'अनुसूचित जमात' या रकान्यात आहेत. 'हबशी' म्हणजे सरदार, हे त्यांच्यापैकी कोणाला सांगितलं तर त्याला ती थट्टा वाटेल.

आणि कोकणातले बेने इस्रायली. रोहेकर, पेणकर, नवगावकर अशा आडनावांचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. गावाने त्यांना जातीच्या रांगेत एक जागा दिली आणि प्रश्न मिटला. त्यांच्या आत पुन्हा दोन तट: गोरे आणि काळे. रंगाशी त्याचा संबंध नव्हता. ज्यांची आई ज्यू नव्हती असं मानलं जाई ते काळे, आणि गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. मग ही मंडळी इस्रायलला गेली. तिथल्या धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या सगळ्यांच्याच लग्नांआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला: आई, आजी, त्यामागची बाई ज्यू होती हे कशावरून? कोकणात जो प्रश्न गोरे काळ्यांना विचारत, तोच आता दोघांना एकत्र विचारला जात होता. त्यांनी दोन वर्षं झगडून १९६४ मध्ये तो मागे घ्यायला लावला. या संग्रहात त्यांच्यावर लेख नाही, ही संपादक म्हणून माझी चूक आहे. निदान प्रस्तावनेत तरी ती थोडी भरून काढावी म्हणून हे लिहिलं.

भाषांतराचं शेवटी आम्ही असं केलं: 'वंश' ठेवला, कारण दुसरा शब्द रुजलेला नाही. 'गोरा' मात्र कायद्यातला असेल तिथे अवतरणात घातला आहे. छापताना ती चिन्हं पानोपानी खुपतील. खुपू द्यावीत.

एक माणूस तेवढा राहिला. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. अहमदाबादेत जन्मलेले, नाव वाचताच आपल्याला ओळखीचे वाटणारे. १९१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका न्यायालयाने त्यांना 'गोरा' मानून नागरिकत्व दिलं होतं, म्हणूनच तिथे ते वकिली करत होते. थिंड खटला हरल्यावर सरकारने पंडितांचंही नागरिकत्व काढायचा दावा लावला. त्यांनी स्वतःची बाजू लढवली, ती अशी: या कागदावर विसंबून मी मायदेशातला वारसा सोडला, घर केलं, व्यवसाय केला, एका अमेरिकन बाईशी लग्न केलं. आणि एकदा निकाल लागलेला विषय सरकारला पुन्हा उकरता येत नाही. अपील न्यायालयाने १९२६ मध्ये त्यांचं म्हणणं मान्य केलं, सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्यात हात घालायचं नाकारलं. या वेळी पंडित गोरे आहेत असं कोणीही म्हटलं नाही. एवढंच झालं, की आधीच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं आणि आव्हान द्यायची मुदत टळून गेली होती. त्यानंतर पंडित त्याच कागदावर कॅलिफोर्नियात वकिली करत राहिले.